वाड्यातलं सांबर आणि सागरेश्वरचं शिंग

साताऱ्याजवळच्या एका गावात जुना वाडा आहे. त्याच्या सोप्यात, झोपाळ्याच्या बरोबर वर, सांबराची कवटी शिंगांसकट टांगलेली आहे. भुसा भरलेलं तोंड, काचेचे डोळे असलं काही नाही, नुसतं हाड. वाड्याचे तात्या सांगतात, त्यांच्या आजोबांनी कोयनेच्या खोऱ्यात मारलेलं सांबर, धरण व्हायच्या आधी. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर रीतसर नोंद झाली. मालकीचं प्रमाणपत्र फ्रेम करून शिंगांच्या शेजारीच लावलंय. पाहुण्यांना आधी शिंगं दाखवतात आणि मग कागद.

मी पशुवैद्य. सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली, जंगली जनावराशी संबंध हौसेपुरता. तात्यांकडे माझं जाणं-येणं त्यांच्या म्हशींमुळे. परवाच्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यात एका ओळखीच्या वनरक्षकाबरोबर पाणवठ्याकडे चाललो होतो, तेव्हा वाटेकडेला पालापाचोळ्यात सांबराचं गळालेलं शिंग दिसलं. उजव्या बाजूचं, एकच. जागेवर मापं घेतली, मोबाइलवर फोटो काढले आणि शिंग वनरक्षकाच्या हवाली केलं. गळालेलं असलं तरी ते घरी नेता येत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि मग हौस महागात पडते.

तो फोटो तात्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि एकदा वर बघितलं.

"हे सांबर म्हणायचं का बोकड? रक्तच पातळ झालंय, डॉक्टर. कुंपणात कोंडलं की दुसरं काय होणार?"

हे प्रकरण म्हणजे तात्यांचं ते एक वाक्य. ते खरं आहे का, असलं तर किती, याचा मी माझ्यापुरता छडा लावला, तो इथे मांडतो.

मापं

तात्यांनी स्टूल दिलं आणि ते स्वतःच धरून उभे राहिले. म्हशीच्या छातीचा घेर मोजायची माझी कापडी टेप शिंगाच्या बाहेरच्या वळणावरून फिरवली. भिंतीवरचं उजवं शिंग बुडापासून टोकापर्यंत 101 सेंटिमीटर. बुडाशी खडबडीत दाण्यांचं जे कडं असतं, त्याचा घेर 22 सेंटिमीटर. सागरेश्वरचं शिंग 61 सेंटिमीटर आणि कडं 15. फाटे दोन्हीकडे तेवढेच: भुवईजवळ एक आणि वर टोकाशी दुबेळकं. सांबराला एका शिंगावर साधारणपणे तीनच टोकं असतात, त्यामुळे फाटे मोजून त्याच्याबद्दल फारसं काही सांगता येत नाही. लांबी आणि जाडीच बघायची.

स्टुलावर उभा होतोच, म्हणून कवटी थोडी तिरकी करून आतून बघितली. वरच्या जबड्याच्या दाढा जागेवर होत्या. कोवळ्या जनावराच्या दाढेवर धारदार उंचवटे असतात. इथे ते झिजून दाढा पाट्यासारख्या सपाट झाल्या होत्या. बैलबाजारात जबडा उघडून वय सांगणाऱ्या कुठल्याही दलालाने एका नजरेत सांगितलं असतं की गडी पुरता पिकलेला होता.

प्रकरणाचा अर्धा निकाल मला तिथेच लागल्यासारखा वाटला. पण शिंग म्हणजे काय हे कळल्याशिवाय तो निकाल पटायचा नाही.

दर वर्षी उगवणारं हाड

मराठीत आपण गाईच्या शिंगालाही शिंग म्हणतो आणि सांबराच्याही. जाणकार मंडळी सांबर-चितळांना सारंग आणि काळविटासारख्यांना कुरंग म्हणतात, ते या फरकासाठीच. काळवीट, गवा, खिलार बैल यांचं शिंग म्हणजे आतल्या हाडावर चढलेली नखाच्या जातीची खोळ. ती एकदा आली की जन्मभर वाढते आणि गळत नाही. सांबराचं शिंग हे निखळ हाड. ते गळतं आणि पुन्हा नव्याने उगवतं. आपल्याकडच्या सांबरांची शिंगं बहुतेक उन्हाळ्यात गळतात, पावसाळाभर नवी शिंगं मखमलीसारख्या केसाळ कातडीखाली वाढतात आणि पावसाळा सरता सरता ती कातडी झाडाला घासून निघते. (चितळांचं तंत्र वेगळं. त्यांच्या कळपात वर्षाच्या कुठल्याही महिन्यात कोणी ना कोणी मखमलीत सापडतो.) भिंतीवरच्या शिंगावर बोट फिरवलं तर लांबट खाचा लागतात. त्या मखमलीतून धावणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या खुणा.

तयार शिंगात निम्म्याहून जास्त भाग खनिजांचा असतो. त्यात मुख्य कॅल्शियम आणि स्फुरद (फॉस्फरस), साधारण दोनास एक या प्रमाणात. बाकीचं प्रथिन. एवढं हाड चार-पाच महिन्यांत उभं करायचं तर रोजच्या चाऱ्यातून तेवढं खनिज मिळत नाही. मग नर ते स्वतःच्या सांगाड्यातून, विशेषतः फासळ्यांतून, उसनं घेतो आणि शिंग पूर्ण झालं की हळूहळू फेडतो. व्यायल्यावर जास्त दुधाची म्हैस हाडांतून कॅल्शियम ओढते, तसंच हे. म्हशीच्या बाबतीत ओढ कमी पडली की दुग्धज्वर होतो, ती मान टाकते आणि आम्हाला रात्री दोनला फोन येतो. सांबर मान टाकत नाही. ते शिंग आखूड करून भागवतं. सांबराच्या दृष्टीने शिंग ही चैन आहे. जीव जगवायचा, अंगावर मांस धरायचं आणि उरेल त्यातून शिंग. म्हणून शिंगावर त्या जनावराच्या त्या वर्षाचा जमाखर्च उमटतो.

आता वय. पहिलं शिंग म्हणजे नुसता खुंट. नंतर दर वर्षी शरीर वाढतं, कवटीवरच्या ज्या बुंध्यावरून शिंग उगवतं तो जाड होतो आणि शिंगही जाड-लांब होत जातं. भर वयात ते कळसाला पोचतं, म्हातारपणी पुन्हा उतरतं. पंधरा सेंटिमीटरचं कडं असलेला सागरेश्वरचा नर तरणाच असणार. त्याची तुलना दाढा झिजलेल्या बाप्याशी करणं म्हणजे आठवीतल्या पोराला हिंदकेसरीशेजारी उभं करून "खुराक कमी पडला" म्हणण्यासारखं आहे.

तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "असंल. पण आज्याच्या टायमाला अशी सांबरं ढिगानं होती."

ढिगानं होती, पण भिंतीवर एकच आहे. शिकाऱ्याने आयुष्यात जी काही सांबरं मारली असतील, त्यातलं सगळ्यात मोठं टांगलं. बाकीची शिजली. जुन्या वाड्यांत फिरून "पूर्वी सगळीच अशी होती" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं की सरासरी सांबर कोणी भिंतीवर लावत नाही. माझ्या मते तात्यांच्या वाक्यातली निम्मी हवा इथेच निघते. उरलेल्या निम्म्याकडे मात्र कानाडोळा करता येत नाही. वय वजा केलं तरी सागरेश्वरची शिंगं एकूण बेताचीच दिसतात, असं तो वनरक्षकही म्हणतो, आणि तो रोज बघतो.

माती: इथे माझा अंदाज चुकला

मातीचा हिशेब मी घरून निघतानाच मनात केला होता. कृष्णाकाठची काळी कसदार जमीन, चुनखडीचा भरणा, म्हणजे कॅल्शियमला तोटा नाही. उलट कोयनेच्या माथ्यावर जांभा. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि मागे लोह-अ‍ॅल्युमिनियम उरतं. या हिशेबाने मोठी शिंगं सागरेश्वरला हवीत, लहान कोयनेत. झालंय उलटं.

दोन गोष्टी मी विसरलो होतो. एक म्हणजे काळी जमीन खाली, उसाला. सागरेश्वरचं अभयारण्य डोंगरावर आहे: मुरूम, दगड आणि वर वीतभर माती. एकेकाळी तो उघडाबोडका डोंगर होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून तिथे झाडं उभी राहिली, बाहेरून हरणं आणून सोडली आणि 1985 मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र अवघं 10.87 चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. माणसाने हाताने घडवलेलं जंगल आहे ते. पायथ्याशी हिरवागार ऊस डोलतो आणि वर मे महिन्यात पाय ठेवला की पाला कुरकुरतो.

दुसरी गोष्ट कोयनेची. सांबर जांभ्यावर राहायचं, पण जेवायला तिथे बसायचं नाही. धरणाआधीचं कोयना खोरं म्हणजे नदीकाठची गाळाची भातखाचरं, उतारावर कुमरीची नाचणी-वरी, आणि कुमरीसाठी तोडलेल्या-जाळलेल्या रानात पहिल्या पावसाबरोबर फुटणारे कोंब. सांबर रात्री उतरायचं आणि शेतकऱ्याच्या घामावर पोसायचं. आजोबांनी ते नक्की कुठे मारलं हे मी तात्यांना खोदून विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "नाचणीच्या राखणीला." ती खाचरं आता शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहेत. म्हणजे भिंतीवरचं शिंग ज्या ताटातून उगवलं, ते ताटच बुडालंय. आज त्याच डोंगरातलं सांबर मोजून "कोयनेची माती" म्हणायचं, तर कोणती कोयना, हेही सांगावं लागेल.

आणि कॅल्शियमचं म्हणाल, तर पालाखाऊ जनावराला त्याची तूट सहसा पडत नाही. झाडाची मुळं खोल जातात आणि पानांत चुना भरपूर असतो. स्फुरदाची बोंब दोन्हीकडे: जांभ्यात लोह त्याला धरून ठेवतं, चुनखडीच्या जमिनीत चुना. त्यामुळे गळालेली शिंगं आणि हाडं चघळणारी हरणं जगभर दिसतात. पण शिंगाला खरी ओढ लागते ती प्रथिनाची आणि उष्मांकाची. मखमलीतलं वाढतं शिंग आधी बहुतांशी प्रथिनाचंच असतं, खनिज त्यात नंतर भरत जातं. माती शिंगापर्यंत पोचते ती पाल्यातून, थेट नाही.

अमेरिकेत टेक्सासमधल्या केर वन्यजीव क्षेत्रात 1974 पासून पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर हे तपासलं गेलं. काही नरांना 16 टक्के प्रथिनांचा आहार दिला, काहींना 8 टक्क्यांचा. कमी प्रथिनांवर वाढलेल्यांची शिंगं लहान राहिली. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, युरोपात फ्रांझ व्होग्ट यांनी लाल हरणांना खुराकावर वाढवून पिढ्यागणिक प्रचंड शिंगं काढून दाखवली. तो खुराक काय होता, तर तिळाची पेंड! हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे पैलवान म्हशीला जे घालतो तेच.

सागरेश्वरला परत येऊ. सांबराचं शिंग गळतं उन्हाळ्यात आणि नवं फुटू लागतं ते डोंगर सर्वात कोरडा असताना. वाळल्या गवतात तेव्हा प्रथिन जेमतेम तीन-चार टक्के उरतं, म्हशीला नुसतं ते घातलं तर ती आटते. पाऊस येतो तो बेताचा आणि लहरी. कुंपणाआड जनावरं वाढत जातात, वाघ नाही, आणि डोंगर काही रबराचा नाही. सांबराच्या तोंडाच्या उंचीपर्यंतचा पाला ओरबाडलेला आणि त्यावरची झाडी शाबूत, अशी सरळ रेघ मी काही झुडपांवर पाहिली. शेळ्यांच्या वाड्याभोवती दिसते तशीच. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पिकं हरणं खातात ही तक्रार जुनी आहे. पोटाला पुरत असतं तर कुंपणाची फट कोण शोधत बसलं असतं?

स्कॉटलंडच्या रम बेटावर नेमकं हेच दिसलं. तिथल्या अभ्यासाच्या भागात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लाल हरणांची शिकार थांबवली, संख्या वाढली आणि शिंगांचं वजन उतरलं. रक्त तेच, बेट तेच, ताटाभोवती पाट मात्र वाढले.

रक्त, आणि रक्तासारखं दिसणारं काहीतरी

तात्यांच्या बाजूने बोलायचं तर रक्त आहेच. त्याच रम बेटावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींवरून शिंगाच्या वजनाची आनुवंशिकता काढली, ती सुमारे 0.33 आली. म्हणजे नरानरांत जो फरक दिसतो, त्यातला तिसरा हिस्सा वंशातून. हे थोडं नाही. आणि तो वंश फक्त बापाचा नव्हे. सिद्ध वळू स्वतः थेंबभर दूध देत नाही, पण त्याच्या कालवडी देतात, म्हणून तर त्याच्या रेताच्या कांड्या विकल्या जातात. सांबराच्या मादीला शिंगच नसतं, तरी लेकाच्या शिंगाचा निम्मा वारसा तिचा असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. थोड्या जनावरांपासून वाढलेल्या, कुंपणातल्या कळपात जवळच्या नात्यात पैदास होणार, हेही खरं. त्याचा परिणाम शिंगावर किती, हे जनुकं तपासल्याशिवाय टेपने मोजता येत नाही.

रमच्या अभ्यासातला मला सर्वात आवडलेला भाग पुढचा आहे. मोठ्या शिंगांच्या नरांना पिल्लं जास्त होत होती आणि शिंग आनुवंशिकही होतं. मग पिढ्यागणिक शिंगं वाढायला हवी होती, पण वाढली नाहीत. कारण चांगलं खायला मिळालेला नर शिंगही मोठं काढतो आणि माद्याही जिंकतो. दोन्ही पोटाची करामत, त्यातली थोडीच पिल्लांकडे जाते.

पण तात्यांना गप्प करणारा पुरावा अमेरिकेतल्या मिसिसिपीचा. तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी सुपीक गाळाच्या प्रदेशातली आणि निकृष्ट वालुकामय किनारपट्टीतली पांढऱ्या शेपटीची हरणं आणून एकाच ठिकाणी, एकाच 20 टक्के प्रथिनांच्या आहारावर वाढवली. पहिल्या पिढीत निकृष्ट मातीतल्या वंशाची हरणं चांगलं खाऊनही मागेच राहिली. इथे थांबलो असतो तर निकाल "रक्त" असाच लागला असता. पण त्यांचीच पुढची पिढी, जिची आईसुद्धा चांगल्या खुराकावर वाढलेली होती, अंगानेही भरली आणि शिंगानेही. साउथ डकोटात ब्लॅक हिल्सच्या हरणांवरही असंच दिसलं. पहिल्या पिढीला मागे खेचत होती ती आईची उपासमार. गर्भात आणि दुधात जे कमी पडलं ते वासराला नंतरच्या खुराकाने भरून काढता येत नाही, हे दुष्काळात छावणीवर काम केलेल्या कुठल्याही पशुवैद्याला सांगावं लागत नाही. त्या साली जन्मलेल्या कालवडी खुरटतात, आणि त्यांच्या पोटची पुन्हा नीट निघतात.

सागरेश्वरच्या शिंगाबद्दल माझा निष्कर्ष असा: पहिलं कारण वय, दुसरं ताट, तिसरं आईचं ताट, आणि रक्त चौथं. ते मी नाकारत नाही, पण पहिली तीन वजा केल्याशिवाय त्याचं नाव घेऊ देणार नाही.

मग करायचं काय

वनरक्षकाने विचारलं, "साहेब, खनिजाच्या विटा टांगल्या तर?" मिठाची चाटण ठेवतात तिकडे हरणं येतात, पण ती मिठाच्या ओढीने. त्याने शिंग वाढल्याचा भरवशाचा पुरावा मला तरी सापडला नाही. शिवाय एका जागी सगळी तोंडं लागली की रोग पसरायला सोय होते. "बाहेरून दोन तगडे नर आणले तर?" ही दुसरी सूचना तात्यांची, फोनवरून. उपाशी कळपात तगडा नर सोडला तर दोन वर्षांत तोही आखूड शिंगं काढील. वर लाळ्या-खुरकत किंवा क्षय बरोबर आणला तर बघायलाच नको. माझ्या हातात असतं तर मी आधी तोंडं आणि ताट यांचा मेळ घातला असता. सागरेश्वरची चितळं चांदोलीत, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, हलवली गेली ती वाघाच्या भक्ष्यासाठी. पण मागे उरलेल्यांना त्याने चार घास जास्त मिळतात, आणि तेच रक्त वेगळ्या मातीत कसं वागतं हेही बघायला मिळेल. कोणी शिंगं मोजत असेल तर.

म्हणून त्या वनरक्षकाला माझी एक जुनी टेप दिली. सापडेल त्या शिंगाची लांबी, कड्याचा घेर, तारीख आणि जागा लिहायची, एवढंच. वयाचा अंदाज कड्यावरून येतो, त्यामुळे सारख्या जाडीच्या शिंगांची सारख्यांशी तुलना करता येईल. त्याने शंभर पानी वहीत रकाने आखले.

यंदाच्या मे महिन्यात त्याचा फोन आला. त्याच पाणवठ्याच्या वाटेवर शिंग मिळालं होतं, या वेळी डावं. मी गेलो. कडं 17 सेंटिमीटर भरलं. गेल्या खेपेचाच नर असेल की दुसरा, सांगता येत नव्हतं. वरचा निम्मा भाग साळिंदराने कुरतडून नेला होता आणि कापल्या जागी दातांच्या जोड-रेघा पटाशीने मारल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या. स्फुरद त्यालाही लागतंच. वनरक्षकाने वही उघडली, लांबीच्या रकान्यावर पेन धरून थोडा वेळ थांबला आणि लिहिलं: "साळूनं खाल्ली."